पिन-अप स्पर्धेचा ड्रेस: कात्री लावण्याआधी आतले कपडे ठरव

प्रश्न थोडक्यात असा: मिशिगनमध्ये राहणाऱ्या एका मुलीला ऑगस्टमध्ये, जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात होणाऱ्या पिन-अप स्पर्धेत, म्हणजे चाळीस-पन्नासच्या दशकांत भिंतीला टाचायच्या चित्रांतल्या बायकांसारखं नटून मंचावर जायच्या स्पर्धेत, भाग घ्यायचा आहे. हाताशी आठ आठवडे आहेत. घरी मशीन आहे, ब्लाउज शिवता येतात, फ्रॉक कधी शिवलेला नाही. चाळीसचं दशक निवडावं की पन्नासचं? आजीची नारायणपेठी साडी आहे, ती वापरता येईल का? केस कमरेपर्यंत आहेत, त्यांचं काय करायचं? आणि शेवटी, जरा दबकत विचारलेलं: "या जुन्या चित्रांत माझ्या रंगाची बाई दिसतच नाही. मला हे शोभेल का, मावशी?"

मावशी म्हणालीस, तेव्हा अगं-तुगंच करते. मी सोलापुरात शिवण शिकले. इथे ओहायोत पंचवीस वर्षं लग्नाच्या गाउनचं फिटिंग करतेय आणि त्यातली गेली चौदा वर्षं अशा स्पर्धांसाठी मुलींचे ड्रेस शिवतेय. तुझा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण त्याचं उत्तर मनाशी पक्कं नसेल तर उत्तम शिवलेला ड्रेसही अंगावर उसना वाटतो.

कॅलेंडरांवरची जी चित्रं तू पाहिलीस ती बहुतेक गिल एल्व्हग्रेन, अल्बर्टो व्हार्गास, जॉर्ज पेटी यांच्या हातची. त्यांच्या बायका जवळजवळ सगळ्या गोऱ्या, हे खरंच आहे. पण त्या काळातल्या सगळ्या बायका या कॅलेंडरांवर नव्हत्या. दुसऱ्या महायुद्धात कृष्णवर्णीय सैनिकांच्या बराकींत गायिका-नटी लीना हॉर्नचे फोटो लागत. पुढे नटी डोरोथी डँड्रिज आली. आणि आपल्या मुंबईची नटी बेगम पारा! 1951 साली जेम्स बर्कने 'लाइफ' मासिकासाठी तिचे फोटो काढले, ते शोधून बघ. पांढरी साडी, हातात सिगारेट, नजर थेट कॅमेऱ्यात. त्याच्याही आधी, 1938 साली, मीनाक्षी शिरोडकर 'ब्रह्मचारी' या मराठी चित्रपटात पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या होत्या. केवढी खळबळ माजली होती! तुझ्या आईला काय सांगायचं ही चिंता असेल तर हे नाव तिच्यासमोर घे, तिने ते आपल्या आईकडून ऐकलेलं असणार. या छंदातल्या लोकांत एक वाक्य सारखं कानावर येतं: पेहराव जुन्या काळचा, विचार जुन्या काळचे नव्हेत. मला ते मनापासून पटतं. तुला शोभेल. पुढचं सगळं त्याच खात्रीने लिहितेय.

आता ड्रेस. नव्याने येणाऱ्या मुली आधी कापड शोधतात. लाल ठिपके, चेरी, बिबट्याची छपाई. कापडाने पिन-अप होत नाही. तो काळ ओळखू येतो तो अंगाच्या आकारावरून: छाती उचललेली आणि पुढे आलेली, कंबर नेमक्या जागी आवळलेली, त्याखाली घेर. लांबून, ऊन डोळ्यांवर येत असताना, परीक्षकाला छपाई दिसतच नाही, आकार दिसतो. हॉलिवूडची नटी बेटी ग्रेबल हिचा 1943 चा प्रसिद्ध फोटो आठव. पांढरा साधा स्विमसूट, पाठ कॅमेऱ्याकडे, मान वळवून हसणारी. छपाई नाही, झालर नाही, तरी तो फोटो जगभर सैनिकांनी भिंतीला टाचला.

त्याचबरोबर एक गोष्ट लक्षात ठेव. एल्व्हग्रेन मॉडेलचा फोटो काढायचा आणि त्यावरून रंगवायचा, आणि रंगवताना पाय लांब व्हायचे, कंबर बारीक व्हायची. म्हणजे चित्रातलं माप त्या मॉडेलचंसुद्धा नव्हतं. आरशासमोर उभी राहून त्या चित्राशी स्वतःला ताडत बसू नकोस. आपण तुझ्या मापाला तो आकार देणार आहोत.

कात्री हातात घेण्याआधी स्पर्धेचे नियम नीट वाच. गाड्यांच्या प्रदर्शनांना लहान मुलांसकट घरंच्या घरं येतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी स्विमसूट आणि अंतर्वस्त्रांसारखे कपडे चालत नाहीत. काही ठिकाणी एकच फेरी असते, काही ठिकाणी दोन. साधारणपणे गुण मिळतात ते काळाशी इमान, केस-मेकअप, मंचावरचा वावर आणि प्रेक्षकांचा प्रतिसाद यांना. माइक हातात देऊन एखादा प्रश्नही विचारतात.

चाळीस की पन्नास

माझं मत स्पष्ट आहे: तू पन्नासचं दशक घे.

चाळीसच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात कापडाची टंचाई होती. 1942 साली अमेरिकेच्या युद्ध उत्पादन मंडळाने एल-85 नावाचा हुकूम काढला आणि बायकांच्या कपड्यांत किती कापड जावं यावर मर्यादा आली. स्कर्टचा घेर साधारण 72 इंच, खालची दुमड दोन इंचांच्या आत. इंग्लंडमध्ये तर 1941 पासून 1949 पर्यंत कपडे कुपनांवर मिळत. त्यामुळे त्या काळचा ड्रेस अंगासरशी, गुडघ्याच्या जरा खाली, खांद्यात पॅड असलेला आणि बहुधा रेयॉन क्रेपचा. दिसायला फार देखणा, पण घेरात काही लपत नाही; नितंबावर, पोटावर फिटिंग चोख लागतं. आणि क्रेप कात्रीखाली सरकतं.

12 फेब्रुवारी 1947 ला ख्रिश्चन डिओरने पॅरिसमध्ये पहिलं कलेक्शन दाखवलं, त्यालाच पुढे न्यू लूक म्हणू लागले. मऊ खांदे, आवळलेली कंबर, वारेमाप कापडाचा घेर. पन्नासचं दशक त्याच वाटेने गेलं, आणि घरी शिवणाऱ्या बायकांनी हा आकार साध्या सुती कापडात उतरवला. तुझ्यासाठी हे सोयीचं, कारण फिटिंगची सगळी परीक्षा कमरेच्या वर आहे आणि कमरेच्या वरचं तुला येतं. ब्लाउज शिवणारी बाई टक्स, मुंढा, गळा, अस्तर सगळं जाणते. इथल्या मुलींना मला हे पहिल्यापासून शिकवावं लागतं.

विकत घ्यावा की शिवावा असंही विचारलंयस. शिव. पिन-अप मॉडेल बेटी पेजचा 1954 सालचा, फ्लोरिडात दोन चित्त्यांबरोबर काढलेला फोटो पाहिला असशील. तो बिबट्याच्या छपाईचा पोशाख तिने स्वतः शिवलेला होता. तो फोटो काढणारी बनी यीगरही मॉडेलांचे स्विमसूट स्वतः शिवायची. ही परंपरा शिवणाऱ्या बायकांचीच आहे.

आतले कपडे

आता मुद्द्याचं. मापं घेण्याआधी आत काय घालणार ते विकत आण.

मी हे कशी शिकले ते सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीचा गडद हिरवा ड्रेस शिवला होता. तीन ट्रायल घेतल्या, तिन्ही तिच्या रोजच्या मऊ ब्रावर. स्पर्धेच्या दिवशी तिने खास आणलेली टोकदार कपांची ब्रा आणि कमरेला गर्डल, म्हणजे पोट-कंबर आवळणारं अंतर्वस्त्र, घातला. छातीचा पॉइंट चांगला इंचभर वर गेला. माझे टक्स खाली, पॉइंट वर, मध्ये कापडाचा पोकळ फुगा. कंबर दीड इंच कमी झाली, त्यामुळे तिथे सुरकुत्या. तंबूत उभ्या उभ्या टाके उसवून मी जमेल तेवढं केलं. ती मंचावर गेली, पण सारखी हाताने छातीकडचं कापड सारखं करत होती. तो हात मला अजून दिसतो. तेव्हापासून माझ्याकडे आतले कपडे आणल्याशिवाय मी टेप काढत नाही.

तुला लागेल ती लांब ब्रा, म्हणजे फासळ्यांवरून कमरेपर्यंत येणारी, नाहीतर टोकदार शिवलेल्या कपांची साधी ब्रा आणि वेगळा गर्डल. मेडनफॉर्म कंपनीची गोल-गोल शिलाईची शँसोनेट ब्रा 1949 ची, तिचा तो आकार म्हणजे या दशकाची ओळख. आज तशा नव्या मिळतात. कपाच्या टोकाला पोकळी राहिली तर थोडा कापूस भर. गर्डल श्वास घेता येईल असाच घे. कडक उन्हात चार तास उभं राहायचंय. मग ते घालून, पायांत स्पर्धेचेच बूट चढवून मापं घे: छाती, छातीखाली, कंबर, सीट, खांद्यापासून पॉइंटपर्यंत, दोन पॉइंटमधलं अंतर, आणि खांद्यापासून कमरेपर्यंत पुढून आणि मागून वेगवेगळं. कमरेला एक नाडी बांध, जरा डावी-उजवीकडे वाक. नाडी जिथे जाऊन बसेल ती तुझी खरी कंबर. आपण जीन्स घालतो त्याहून ती बरीच वर असते.

वरचा भाग

जुन्या पॅटर्नची पाकिटं मोहात पाडतात. त्यांवरचा आकडा आजचा नाही हे ध्यानात ठेव: चाळीसच्या दशकातल्या 16 नंबरला छाती 34 इंच असे, आज तीच छाती 12 नंबरात येते. म्हणून आकडा सोड, इंच वाच. पण तुला पाकीट हवंच असं नाही. तुझ्या नीट बसणाऱ्या ब्लाउजचा कागद काढ आणि तो कमरेपर्यंत खाली वाढव. ब्लाउज खांद्यापासून 14 इंचांवर संपत असेल तर हा 16 च्या आसपास जाईल. तुझं खांद्यापासून कमरेचं माप सांगेल तेवढा. ब्लाउजला आपण ढील ठेवत नाही, इथे छातीला दोन इंच आणि कमरेला एक इंच ठेव.

कटोरी मात्र आहे तशी उचलू नकोस. आकार बरोबर येतो, पण छातीखालून जाणारी ती आडवी शिवण पाहिली की साडीचं ब्लाउज आठवतं. त्याऐवजी कमरेतून वर जाणारे दोन-दोन टक्स घे. आजच्या ड्रेसात टक्सचं टोक पॉइंटच्या इंचभर अलीकडे थांबवतात. टोकदार कपावर ते अर्ध्या इंचापर्यंत जवळ ने, आणि शेवटचे तीन-चार टाके अगदी घडीच्या कडेने घेऊन दोरा गाठ मारून सोड, उलट टाका मारू नकोस. नाहीतर टोकाला सुरकुती येते. इस्त्री करताना खाली टॉवेलची गुंडाळी ठेव. गळा बदामी घे, ज्याला इकडे स्वीटहार्ट म्हणतात. दीड-दोन इंची रुंद पट्टे खांद्यावर. पहिल्याच वेळी पट्ट्यांविना ड्रेस करायला जाऊ नकोस.

हे सगळं आधी मांजरपाटावर. आळस करू नकोस, मी आजही करत नाही. कच्चा टाका घालून, आतल्या सगळ्या कपड्यांवर चढव. हात वर कर, खाली बस, दीर्घ श्वास घे. गळा अंगापासून सुटत असेल तर पुढच्या बदामाच्या टोकाशी चिमटा घेऊन पाव इंच काढ. बाजूच्या शिवणीला एक इंच माया सोड, आठ आठवड्यांत अंग थोडं इकडेतिकडे होतंच.

कमरेच्या आतून एक गोष्ट लाव, जी विकतच्या ड्रेसात क्वचित सापडते: कमरपट्टी. इंचभर रुंदीची न ताणणारी ग्रोग्रेन रिबीन, तुझ्या कमरेच्या नेमक्या मापाची, पुढे आणि बाजूला कमरेच्या शिवणीला हाताने टाचलेली, टोकांना हुक-आकडा. आधी हा हुक लावायचा, मग झिप ओढायची. घेराचं सगळं वजन ही पट्टी उचलते. ड्रेस वर सरकत नाही, झिपवर ताण येत नाही. झिप धातूची आणि डाव्या बाजूला, मुंढ्याखालून नितंबापर्यंत. मागच्या मधोमध झिप त्या दशकात होतीच, पण बाजूची झिप पाहिली की जाणकार परीक्षक खूश होतात, आणि तुझी पाठ अखंड दिसते.

आजीची साडी

साडी खिडकीत उजेडासमोर धर. घड्यांच्या रेषा नीट बघ. कपाटात वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलेल्या साडीचे धागे तिथे तुटलेले असतात, उजेड बारीक रेघेसारखा आत येतो. अशा ठिकाणी दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी कापड हलकं ताण. करकर आवाज आला किंवा धागा सुटला, तर ती साडी वरच्या भागात वापरू नकोस, ताण सहन करणार नाही. खालच्या घेरात चालेल, कारण तिथे ती नुसती लोंबते. अर्धीअधिक साडी अशी निघाली तर कापूच नकोस. घडी बदलून परत ठेव आणि नवी आण. रंगही तपास: ओल्या पांढऱ्या कापडाने काठ पूस. मरून रंग सुटत असेल तर घामाने आतलं अस्तर खराब होईल.

साडी धडधाकट असेल तर मला मनापासून वाटतं, तीच वापर. पन्नासच्या दशकात खाली काठ असलेल्या छपाईचे, चुण्यांचे स्कर्ट खूप चालत. आपल्या साडीला तो काठ विणलेलाच आहे. हातमागाची भारतीय चौकडीही त्या काळाला परकी नाही. 1958 च्या सुमारास मद्रासच्या रंग सुटणाऱ्या चौकडीची अमेरिकेत चक्क फॅशन झाली होती.

फक्त अंब्रेला कापू नकोस. गोल कापलास की काठ कामातून गेला. साडी आडवी धर, काठ खाली. काठापासून वर 28 इंचांवर सरळ रेघ मार: 27 इंच लांबी आणि कमरेला एक इंच माया. खाली दुमडायचं नाही, काठाची किनार हीच तुझी कड. घेर 110 ते 120 इंच ठेव, म्हणजे 28 इंच कमरेला चौपट चुण्या. त्याहून जास्त घेतलंस तर हातमागाचं कापड कमरेवर जाड होतं आणि आपण एवढं करून मिळवलेली कंबर हरवते. चुण्यांसाठी मशीनवर सर्वात लांब टाक्याच्या तीन ओळी घाल, एक नाही. तीन ओळींनी चुणी उभी आणि सारखी बसते. वर जी साधारण 18 इंचांची पट्टी उरते तिच्यातून वरचा भाग, खांद्याचे पट्टे आणि पट्टा निघतो. दुसरा काठ गळ्याच्या कडेला लाव. पदर तसाच ठेव, त्याला कात्री लागत नाही.

साडी न वापरता साधं 44 इंच पन्ह्याचं सुती कापड घेतलंस तर मात्र खुशाल अंब्रेला कर. कंबर 28 ला त्रिज्या साडेचार इंच येते. मायेसाठी चार इंचांवर काप, कमरेची कड तिरप्या धाग्यामुळे थोडी ताणतेच. तेवढीच 27 इंच लांबी धरून दोन अर्धगोल कापायला साधारण 3.3 मीटर आणि वरच्या भागाला सव्वा मीटर. खालचा घेर 200 इंचांच्या जवळ जातो. शिवल्यावर दोन दिवस हँगरला लटकत ठेव. उभा आणि आडवा धागा जागचा हलत नाही, पण मधला उरेब भाग स्वतःच्या वजनाने खाली येतो, कधी इंच-दीड इंच. मग तू बूट घालून उभी राहा आणि दुसऱ्या कोणाला तरी जमिनीपासून पट्टी लावून खुणा करायला सांग. त्यानंतरच खाली हेम घाल, अर्ध्या इंचाची बारीक.

आतला कॅनकॅन

घेर नुसत्या कापडाने उभा राहत नाही. सुती कापडाचा आठ इंची येक, म्हणजे कमरेखालचा बिनचुण्यांचा भाग, नितंबावरून उतरेल इतका सैल, समज 42 इंच. त्याला 84 इंचांची आठ इंच उंच नेटची पट्टी चुण्या घालून, आणि तिला 168 इंचांची नऊ इंची. एकूण 25 इंच, म्हणजे ड्रेसखालून डोकावणार नाही. साडीच्या घेराला असा एकच थर पुरे. दोन केलेस तर चुण्या ताणल्या जाऊन काठ वर उचलला जाईल. अंब्रेलाला दोन थर हवेत. नेटच्या खालच्या कडेला साटीनची पट्टी लाव, नाहीतर मोजे फाटतात आणि पायांना टोचत राहतं.

केस

कमरेपर्यंतचे केस कापू नकोस. त्या दशकांत केस खांद्यापर्यंतच असत, म्हणून लांब केस दडवावे लागतात, एवढंच. पुढचे केस कानापासून कानापर्यंत वेगळे काढ. मागच्यांची सैल वेणी घालून ती मानेपाशी आत दुमडून पिनांनी बसव आणि त्यावर स्नूड, म्हणजे मागचे केस आत ठेवणारी जाळीदार पिशवी, चढव. चाळीसच्या दशकात कारखान्यांत काम करणाऱ्या बायका स्नूड वापरत, पन्नासच्या सुरुवातीलाही तो खपून जातो. पुढच्या केसांचे दोन व्हिक्टरी रोल, म्हणजे वर गुंडाळून बसवलेल्या दोन पोकळ वळ्या. आपले केस जड आणि गुळगुळीत असतात, रोल घसरतो. त्यासाठी दोन दिवस आधी तेल बंद. आदल्या रात्री ओलसर केसांच्या बटा बोटाभोवती गुंडाळून पिनांनी डोक्याशी चिकटवून ठेव, सकाळी सोडून ब्रश फिरव, मुळांशी थोडं उलटं विंचर. रोलच्या पोटात भरायला उशी लागते. कंगव्यात आलेले स्वतःचे केस साठवून बारीक जाळीत भर, किंवा जुन्या गंगावनाचा तुकडा घे. रंग जुळतो, बाहेरून कळत नाही. हे कमीत कमी पाच वेळा करून बघ. पहिल्या दोनदा रडू येईल, तिसऱ्यांदा जमेल.

कानामागे फूल हवं. गायिका बिली हॉलिडे केसांत गार्डेनिया माळायची. गार्डेनिया म्हणजे आपला अनंत! इथे कुंडीत मिळतो. खरं फूल उन्हात तासाभरात तपकिरी पडतं, म्हणून मंचासाठी कापडी लाव.

मेकअपमध्ये फार शिरत नाही. पन्नासचा असल्याने डोळ्यांना वर गेलेली काळी रेघ, भुवया भरदार, ओठ लाल. गव्हाळ-सावळ्या रंगाला नारिंगीकडे झुकणाऱ्या लालापेक्षा गडद, निळसर छटेचा लाल उठून दिसतो. दिवसाच्या उजेडात लावून बघ. पायांत मागे शिवण असलेले मोजे. 1940 च्या मे महिन्यात नायलॉनचे मोजे अमेरिकाभर दुकानांत आले आणि युद्धात ते नायलॉन पॅराशूटकडे गेलं, तेव्हा बायका पोटरीवर पेन्सिलीने शिवण ओढत. तू मोजेच घाल, शिवण सरळ आहे का हे मैत्रिणीला विचार. बूट गोल टोकाचे, अडीच इंची टाचेचे, गवतात रुतणार नाहीत असे. स्मार्टवॉच काढ. नाकात चमकी असेल तर राहू दे, ती तुझी आहे.

आठ आठवडे असे वाट: पहिल्यात फक्त आतले कपडे आणि बूट आण. दुसऱ्या-तिसऱ्यात मांजरपाट. चौथ्या-पाचव्यात खरा ड्रेस, सहाव्यात कॅनकॅन आणि खालची कड. शेवटचे दोन आठवडे नवीन काही शिवायचं नाही. सगळं घालून घरात वावर, पायऱ्या चढ, आणि गाडीत बस. गाडीशेजारी फोटो असतात, आणि कॅनकॅन घालून बसायचं तंत्र आहे: आधी पाठ सीटकडे, दोन्ही हातांनी मागचा घेर सपाट करून बसायचं, मग गुडघे एकत्र ठेवून पाय आत. पट्ट्याचं बक्कल आणि झिपची टोकं गाडीच्या रंगाला लागू देऊ नकोस. आणि मालकाला विचारल्याशिवाय गाडीला हातसुद्धा लावायचा नाही.

मंचावर ड्रेसबद्दल विचारतीलच. तेव्हा कापड कुठलं, कोणाचं, किती वर्षांचं हे दोन वाक्यांत सांग, आजीचं नाव घेऊन. वळताना सावकाश वळ, काठ पूर्ण फिरू दे.

मांजरपाटाची ट्रायल झाली की समोरून, बाजूने आणि पाठीमागून असे तीन फोटो मला पाठव. आतले कपडे घालून काढलेलेच हवेत.